घोड्याचे पोट आणि घोड्याचा पाय

आता घोडा कोण पाळतो? मोटारी आल्या, ट्रॅक्टर आले, घरोघर फटफटी आली. घोड्याचे दिवस गेले, असे पुष्कळ लोक म्हणतात.

पण जरा आजूबाजूला पाहा. पावसाळा संपला की धनगर मंडळी मेंढरे घेऊन कोकणाकडे उतरतात. त्यांचा सारा संसार घोड्याच्या पाठीवर असतो. भांडीकुंडी, पाल, कोंबड्या, नुकती जन्मलेली कोकरे, कधी कधी लहान मूलसुद्धा. माथेरानच्या डोंगरावर मोटारींना बंदी आहे. तिथे माणसाला आणि सामानाला घोड्याची पाठ लागते. लग्नात नवरदेवाला घोडा हवाच. तापी नदीच्या काठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची जत्रा भरते. तिथला घोडेबाजार पाहायला लांबून लोक येतात. नांदेड जिल्ह्यात माळेगावला खंडोबाची जत्रा असते. तिथेही घोडे विकले जातात. मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या मात्र गेल्या. २०१५ साली उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या. पण घोडा काही गेला नाही.

जत्रेत लाखांचे घोडे येतात. त्यांना वेगळा तबेला, वेगळा मोतद्दार, वेगळा डॉक्टर. त्यांची काळजी करणारे पुष्कळ आहेत. आपण इथे बोलणार आहोत ते गरिबाच्या घोड्याबद्दल. धनगराचे तट्टू, टांग्याचा घोडा, वरातीची घोडी. हा घोडा मेला तर घरातला कमावता माणूस गेल्यासारखे होते. कर्ज काढून घेतलेला असेल तर घोडा जातो आणि कर्ज राहते.

आम्ही गावोगाव फिरतो तेव्हा लोक घोड्याविषयी नाना प्रश्न विचारतात. किती खायला घालावे? पाणी केव्हा पाजावे? नाल कधी बदलावा? भोवरा कुठे असला तर वाईट? प्रश्न पुष्कळ असले तरी घोड्याची दुखणी बहुतेक दोन ठिकाणी सुरू होतात. एक त्याचे पोट आणि दुसरा त्याचा पाय. ही दोन ठिकाणे नीट समजली की बाकीच्या गोष्टी आपोआप समजतात. म्हणून आधी पोट पाहू.

आपल्याला बैल चांगला ठाऊक आहे. बैलाचे पोट मोठे. त्याला चार कप्पे. बैल भराभर खातो, मग सावलीत बसून निवांत रवंथ करतो. घोडाही वैरण खातो, म्हणून त्याचे पोट बैलासारखेच असेल असे आपल्याला वाटते. तिथेच घात होतो. घोडा रवंथ करत नाही. त्याचे पोट अंगाच्या मानाने फार लहान असते. मोठ्या घोड्याच्या पोटात आठ ते पंधरा लिटर मावते, म्हणजे एक घागरभर समजा. तट्टाच्या पोटात त्याहूनही कमी. बैलाचा एकटा मोठा कप्पाच शंभर लिटरांच्या घरात जातो. केवढा फरक!

दुसरी गोष्ट त्याहून मोठी आहे. घोड्याला ओकता येत नाही. आपण जास्त खाल्ले, वाईटसाईट खाल्ले, तर उलटी होते आणि बरे वाटते. कुत्र्याचेही तसेच. घोड्याच्या पोटाचे दार मात्र आत उघडते, बाहेर उघडत नाही. एकदा घास आत गेला की तो मागूनच बाहेर पडायचा. मध्ये अडला, कुजला, वायू धरला, तर पोट फुगते. जागा तर लहान. मग वेदना सुरू होतात. याला पोटशूळ म्हणतात. पोटशुळाने घोडा काही तासांत मरू शकतो.

म्हणून घोड्याला एका वेळी पोटभर घालू नये. थोडे थोडे, पुष्कळ वेळा घालावे. मोकळ्या रानातला घोडा काय करतो? दिवसभर आणि रात्रीही तोंड हलवीत राहतो. एक घास, एक पाऊल. त्याचे पोट अशा खाण्यासाठीच बनले आहे. आपण त्याला बांधून ठेवतो, दिवसभर उपाशी कामाला जुंपतो, आणि संध्याकाळी दयेपोटी मोठी पाटी भरून चंदी पुढे ठेवतो. आपली दया त्याला सोसत नाही.

मग किती घालावे? साधारण हिशेब असा. घोड्याचे जेवढे वजन, त्याच्या शंभरात दोन भाग कोरडे खाणे रोज लागते. २५० किलोच्या तट्टाला पाच किलोच्या आसपास. त्यातला बराच मोठा भाग वैरणीचा असावा. वाळलेले गवत उत्तम. कडबा असेल तर बारीक तोडून घालावा. काम जड असेल तर वर किलो-दीड किलो दाणा. तोही दोन-तीन वेळा वाटून. हरभरा द्यायचा तर भिजवून द्यावा. मूठभर कोंडा चालतो. रोज एक चमचाभर मीठ द्यावे. घामातून मीठ जाते, ते भरून यायला हवे.

खाणे बदलायचे असेल तर एकदम बदलू नका. आज गवत, उद्या एकदम हिरवा लसूणघास, असे नको. आठ-दहा दिवस लावा. जुने थोडे कमी, नवे थोडे जास्त, असे करत जा. घोड्याच्या आतड्यात बारीक बारीक जंतू असतात. तेच वैरण पचवतात. खाणे एकदम बदलले की हे जंतू गडबडतात.

बुरशी लागलेला दाणा घालू नका. ‘माणसाला नको, जनावराला चालतो’ असे आपल्याकडे म्हणतात. घोड्याला तो चालत नाही. बुरशीच्या मक्याने घोड्याचा मेंदू नासतो आणि घोडा आंधळ्यासारखा भिंतीला डोके टेकून उभा राहतो. कोंबड्यांचे खाद्यही घोड्याच्या तोंडाला लागू देऊ नका. कोंबड्यांना रोग होऊ नये म्हणून त्यात काही औषधे मिसळतात. त्यांतले एखादे औषध कोंबडीला सोसते, पण घोड्याच्या काळजावर घाला घालते. पोल्ट्रीशेजारी घोडा बांधणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

लग्नसराईत तर जपावेच लागते. एका वरातीत आम्ही ऐकलेले बोलणे सांगतो. मंडपातून एक तरुण परात घेऊन आला. परातीत भात, पुऱ्या, वर बुंदी. घोडीवाला म्हातारा आडवा उभा राहिला.

“नको दादा, तिला ते घालू नका.”

“खाऊ द्या की काका! आज लग्न आहे.”

“लग्न तुमचं हाय, पोट तिचं हाय. घालायचं तर बादलीभर पाणी आणा.”

तरुण हसला. पण त्याने पाणी आणले.

पाण्याचे काय? लोक हा प्रश्न हमखास विचारतात. घोड्याला दिवसाला पंचवीस-तीस लिटर पाणी लागते. उन्हाळ्यात, कामाच्या दिवसांत, त्याहून जास्त. पाणी कमी पडले की आतड्यातली वैरण सुकते, शेण घट्ट होते आणि वाट बंद होते. हाही पोटशूळच. थंडीच्या दिवसांत घोडा पाणी कमी पितो, तेव्हाही असे होते. आधी पाणी, मग दाणा, हा क्रम चांगला.

घामाघूम घोड्याला पाणी पाजू नये, अशी जुनी समजूत आहे. त्यात थोडे खरे आहे, पुष्कळसे खोटे आहे. धावून आलेल्या घोड्याला एकदम बादलीभर बर्फासारखे पाणी देऊ नये, हे बरोबर. पण तासभर तहानलेला उभा करणे त्याहून वाईट. चार-सहा घोट पाजा. दहा पावले चालवा. पुन्हा चार घोट. असे करत अर्ध्या तासात त्याची तहान भागवा. दाणा मात्र घाम सुकल्यावर, श्वास शांत झाल्यावरच.

आता समजा, इतके जपूनही रात्री घोड्याचे पोट दुखू लागले. ओळखायचे कसे? तो वैरणीवरून तोंड काढतो. मान वळवून आपल्या कुशीकडे पाहतो. पुढच्या पायाने जमीन उकरतो. मागचा पाय पोटावर मारतो. बसतो, उठतो, पुन्हा बसतो. लोळतो. घाम फुटतो. शेण टाकत नाही. एरवी कुशीला कान लावला तर आत गुडगुड ऐकू येते. ती बंद झाली असेल तर समजा, वेळ थोडा आहे.

लगेच पुढचे सगळे खाणे काढून घ्या. पशुवैद्यांना बोलवा. १९६२ या क्रमांकावर फोन करता येतो. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी हा क्रमांक आहे. त्याला पैसे पडत नाहीत. डॉक्टर येईपर्यंत घोडा लोळून स्वतःला लागून घेत असेल तर त्याला हळूहळू चालवा. पळवू नका. दमवू नका. शांत उभा असेल तर उभा राहू द्या.

एक गोष्ट मात्र कधीच करू नका. बांबूच्या नळकांड्याने त्याच्या घशात तेल, दारू, काढा ओतू नका. गावात कोणीतरी जाणता हे सांगतोच. त्याचा हेतू चांगला असतो. पण वेदनेने डोके झटकणाऱ्या घोड्याच्या तोंडात ओतलेले तेल पोटात न जाता फुप्फुसात उतरते. मग पोटातून वाचलेला घोडा चार दिवसांनी छातीच्या दुखण्याने जातो. डॉक्टर औषध देतात ते नाकातून नळी घालून, नळी पोटातच गेली आहे याची खात्री करून. ते काम त्यांचे.

तोवर आपण बसून राहायचे का? नाही. आता आपल्याला आकडे लिहिता येतात. त्याचा इथे उपयोग करा. खालच्या जबड्याच्या हाडाच्या आतल्या कडेला बोटे टेकवा. दोरीसारखी शीर लागेल. घड्याळ समोर धरून एका मिनिटात ती किती वेळा उडते ते मोजा. बऱ्या घोड्याची तीस ते चाळीस वेळा उडते. साठाच्या वर गेली तर दुखणे मोठे. मोजलेला आकडा वेळेसकट कागदावर लिहा. अर्ध्या तासाने पुन्हा मोजा, पुन्हा लिहा. दुखणे केव्हा सुरू झाले, शेवटचे शेण केव्हा टाकले, काल-आज काय खाल्ले, तेही लिहा. हा कागद डॉक्टरांच्या हाती दिला की त्यांचा अर्धा वेळ वाचतो. फोनवरसुद्धा हेच आकडे सांगा. “घोडा लई तळमळतोय” एवढे सांगून कळत नाही. “रात्री नवाला शीर अट्ठेचाळीस, साडेनवाला चौसष्ट” असे सांगितले की ऐकणारा ताडकन उठतो.

पोटाचे आणखी एक कारण तोंडात असते. घोड्याचे दात आयुष्यभर वर येत राहतात आणि चावून झिजतात. कधी कडा वाकड्या झिजतात, सुईसारख्या होतात, गालाला बोचतात. मग घोडा अर्धवट चावून गवताचे ओले बोळे खाली टाकतो. असे बोळे गव्हाणीखाली दिसले तर डॉक्टरांकडून दात कानशीने घासून घ्या. पोटात जंतही होतात. शेणाची तपासणी करून डॉक्टर सांगतील तेव्हा जंतांचे औषध द्यावे.

आपल्याकडे एक जुने कोडे आहे. भाकरी का करपली? पान का सडले? घोडा का अडला? तिघांचे उत्तर एकच. न फिरवल्यामुळे. कोडे रचणाऱ्याने घोडा पाळलेला असणार! घोड्याला चार दिवस खुंट्याला बांधून ठेवले आणि दाणा मात्र कामाच्या दिवसाइतकाच चालू ठेवला, तर पाचव्या दिवशी कामाला जुंपताच तो थोड्या अंतरावर अडतो. मागचे पुठ्ठे लाकडासारखे कडक होतात. घाम सुटतो. मूत्र काळपट लाल होते. लोकांना वाटते, जनावर मस्तीला आले, आणि चाबूक मारतात. मारू नका. चालवूही नका. जागीच थांबवा, अंगावर घोंगडे टाका, पाणी द्या, डॉक्टरांना बोलवा. आणि पुढच्या वेळी सुट्टीच्या दिवशी दाणा निम्म्याहून कमी करा. वैरण तेवढीच ठेवा. रोज थोडे फिरवा.

आता पायाकडे वळू. पोट आणि पाय लांब लांब दिसतात, पण त्यांचे नाते जवळचे आहे. घोडा चुकून दाण्याच्या पोत्यापाशी सुटला, भसाभसा खाल्ले, पोट त्या रात्री कसेबसे वाचले. आपण देवाचे आभार मानतो. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी घोडा चालेना. पुढचे पाय लांब टाकून मागे रेलून उभा राहतो. टापेला हात लावला तर गरम लागते. पोटातले विष रक्तातून टापांत उतरलेले असते. टापेच्या आत हाड आणि खूर यांना धरून ठेवणारा मऊ थर असतो, तो सुजतो. वर कठीण खूर, सूज जाणार कुठे? या दुखण्यात हाड आत खाली सरकले तर घोडा जन्माचा लंगडा होतो. म्हणून पोते फोडलेल्या घोड्याला पोटात काही दिसत नसले तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दाण्याच्या खोलीला कडी लावा. कडी स्वस्त आहे.

टाप रोज उचलून पाहावी. सकाळी एकदा, काम झाल्यावर एकदा. बोथट आकड्याने आतली माती, शेण, खडे काढावे. तळव्याच्या मधोमध रबरासारखा मऊ, त्रिकोणी भाग असतो. टाप जमिनीवर पडते तेव्हा तो धक्का झेलतो. मुतात आणि चिखलात उभ्या राहिलेल्या घोड्याचा हा भाग सडतो. काळे पाणी येते, घाण वास मारतो. यावर महागडे औषध शोधण्याआधी खालची जागा कोरडी करा. भुसा, वाळले गवत, राख, जे मिळेल ते पसरा आणि रोज बदला.

खूर महिन्याला जवळजवळ एक सेंटिमीटर वाढतो, आपली नखे वाढतात तसा. म्हणून नाल झिजला नसला तरी पाच-सहा आठवड्यांनी काढून, खूर छाटून, पुन्हा बसवावा लागतो. “नाल अजून नवा आहे, कशाला पैसे घालवू?” असे म्हणणारा पुढे लंगड्या घोड्यावर जास्त पैसे घालवतो. चांगला नालबंद खुराच्या मापाने नाल वाकवतो. वाईट नालबंद नालाच्या मापाने खूर कापतो. तो खिळा मारत असताना आपण शेजारी उभे राहावे. खिळा आत मऊ भागाला लागला की घोडा पाय झटकतो. ‘खोड्या करतोय’ म्हणून त्याला दटावू नका. खिळा काढायला सांगा. डांबरी आणि सिमेंटच्या रस्त्यावर नाल हवाच. मऊ रानात चरणाऱ्या, कमी ओझे वाहणाऱ्या तट्टाचे नालावाचून भागते. खूर छाटण्याची गरज मात्र त्यालाही असते.

पायात खिळा, काटा, पत्रा घुसला तर जखमेपेक्षा भय दुसऱ्याचेच. धनुर्वाताचे. धनुर्वाताचे जंतू मातीत आणि घोड्याच्या शेणातच असतात, आणि घोड्याइतका धनुर्वाताला लवकर बळी पडणारा पाळीव प्राणी दुसरा नाही. लहानशी जखम वरून बुजते, आत जंतू वाढतात. मग दातखीळ बसते. कान ताठ होतात, शेपूट उचललेली राहते, डोळ्याच्या कोपऱ्यातला पडदा डोळ्यावर सरकतो. चारही पाय लाकडी घोड्यासारखे होतात. तोवर उशीर झालेला असतो. बहुतेक घोडे यातून उठत नाहीत. पण आधी लस टोचली असेल तर हा रोग टळतो. पहिल्यांदा महिन्याच्या अंतराने दोन टोचण्या, मग डॉक्टर सांगतील तशी दर वर्षी एक. आम्ही सांगतो, घोड्याला नवे खोगीर घेण्याआधी ही टोचणी घ्या. जखम झाल्यावर मात्र वाट पाहू नका. खिळा कुठे घुसला, किती खोल, तिरपा की सरळ, हे पाहून ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा.

जत्रेतला प्रश्न राहिला. भोवऱ्याचा. घोड्याच्या अंगावर केस गोल फिरलेले असतात, त्यांना भोवरे म्हणतात. अमुक भोवरा धन्याला तारतो, तमुक भोवरा धन्याला खातो, असे मानून लोक हजारो रुपये जास्त देतात किंवा चांगले जनावर सोडून देतात. भोवरा घोड्याला पोटातूनच येतो. तो त्याच्या चालीत नाही, कामात नाही. भोवरे ओळखीसाठी टिपून ठेवा, चोरीला गेला तर उपयोगी पडतील. घेताना मात्र टापा उचलून पाहा. दात पाहा. पाच वर्षांपर्यंत दुधाचे दात पडून पक्के येतात, त्यावरून वय कळते. कठीण जमिनीवर सरळ चालवून आणि वळवून पाहा. डोळ्यासमोर हात हलवून पाहा. पाठीवर, तंगाच्या जागी, जुने घट्टे आहेत का पाहा. मोठ्या रंगीत घोड्याच्या मोहात पडू नका. ओझ्यासाठी आपल्या भीमेच्या खोऱ्यातला भीमथडी घोडा पाहा. बुटका, पण काटक. मराठ्यांच्या फौजेत तो होता, आज धनगरांच्या वाड्यावर आहे.

आणि रक्ततपासणीचा दाखला मागा. हे आम्ही जोर देऊन सांगतो. घोड्याला ग्लँडर्स नावाचा एक रोग होतो. नाकातून घट्ट पिवळा शेंबूड येतो, नाकात जखमा होतात, पायावर गाठी येऊन फुटतात. कधी वरून काहीच दिसत नाही आणि रोग आत असतो. तो एका घोड्याचा दुसऱ्याला होतो. एकाच हौदावर पाणी पिऊनही होतो. आणि माणसालाही होतो. मोतद्दाराला, धन्याला, तबेल्यात खेळणाऱ्या पोराला. त्याने माणूस मरू शकतो. यावर घोड्यासाठी लस नाही. कायद्याने त्यावर उपचारही करत नाहीत. हरियाणात हिसारला राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र आहे, तिथे रक्त तपासतात. रोग ठरला की घोडा मारावा लागतो. त्याबद्दल सरकार भरपाई देते. हे ऐकून एखादा गरीब माणूस घोडा लपवतो, रात्री दुसऱ्या गावच्या बाजारात नेऊन विकतो. त्याचे दुःख आम्हांला कळते. पण तो घोडा ज्याच्या दारात जातो, तोही आपल्यासारखाच गरीब असतो, आणि त्याच्याही घरात पोरे असतात. शंका आली की घोडा वेगळा बांधा, त्याची बादली-तोबरा वेगळा ठेवा, हात साबणाने धुवा आणि सरकारी दवाखान्यात कळवा. जत्रेत आपली बादली आपणच न्यावी.

पावसाळ्यात आणि त्यानंतर गोमाश्या वाढतात. त्यांच्या चावण्याने सर्रा नावाचा ताप येतो. ताप येतो, जातो, पुन्हा येतो. घोडा खातो तरी वाळत जातो, पोटाखाली आणि पायांवर सूज येते. याला औषध आहे. लवकर दाखवले तर घोडा बरा होतो.

ओझ्याबद्दल थोडे. १९६५ साली केंद्र सरकारने ओझे वाहणाऱ्या जनावरांसाठी नियम केले. तट्टाच्या पाठीवर ७० किलोपेक्षा जास्त माल लादू नये. दिवसात एकूण नऊ तासांपेक्षा जास्त आणि सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घेऊ नये. पारा ३७ अंशांच्या वर जातो तिथे दुपारी बारा ते तीन जुंपू नये. नियम सरकारचा असला तरी फायदा आपलाच. पाठ लागली, म्हणजे खोगिराखाली जखम झाली, की घोडा पंधरा दिवस घरी. रोजचा खरारा करताना हाताने पाठ चाचपावी. गरम लागले, फुगीर लागले, की त्या दिवशी खोगीर चढवू नये. जखमेवर घडी घालून वर खोगीर आवळणे म्हणजे उद्याची मजुरी आजच खाणे.

घरात एक वही ठेवा. नाल केव्हा बदलला, धनुर्वाताची टोचणी केव्हा झाली, जंतांचे औषध केव्हा दिले, रक्त केव्हा तपासले. तारीख घालून लिहा. घरातल्या कोणालाही लिहिता येईल अशी जाड पेन्सिल वहीला दोरीने बांधून ठेवा.

घोडी गाभण असेल तर वहीत लावण्याची तारीखही लिहा. तिथून अकरा महिने मोजा. घोडी बहुधा रात्री विते आणि लोकांची गर्दी झाली तर कळा थांबवून धरते. म्हणून कंदील घेऊन सगळे घर भोवती जमवू नका. एकाने लांबून पाहावे. तीन तास लक्षात ठेवा. शिंगरू एका तासात उभे राहिले पाहिजे. दोन तासांत त्याने आईला प्यायले पाहिजे. तीन तासांत घोडीची वार पडली पाहिजे. वार पडली नाही तर ती ओढू नका, तिला दगड बांधू नका. रात्र असली तरी पशुवैद्यांना उठवा. पडलेली वार फेकून न देता पाटीत झाकून ठेवा. डॉक्टर आले की ती पसरून पाहतील. एखादा तुकडा आत राहिला असेल तर तो त्यांना त्यावरून कळतो.